साहेबाची दुनळी

पुण्यात कुणी गाव विचारलं आणि मी "जवाहरनगर" म्हटलं, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "म्हणजे कुठलं?" बरोबर आहे म्हणा, या देशात जवाहरनगरं पैशाला पासरी आहेत. आमचं जवाहरनगर भंडारा जिल्ह्यातलं. नागपूरहून भंडाऱ्याकडे निघालात की ठाणा पेट्रोलपंपाच्या आसपास डावी-उजवी बघत राहायचं. १९६२च्या चीन युद्धानंतर देशात ज्या नव्या आयुध निर्माणी उभ्या राहिल्या, त्यातली एक आमची. जवाहरनगर म्हणजे तिची वसाहत. क्वार्टर्स, शाळा, झाडं आणि सकाळच्या शिफ्टच्या सायकली.

लोकांना वाटतं ऑर्डनन्स फॅक्टरी म्हणजे तोफा आणि रणगाडे. आमच्याकडे तसलं काही नाही. आमच्याकडे बनते दारू. (प्यायची नव्हे. हा विनोद कॉलनीतल्या प्रत्येक मुलाने किमान शंभर वेळा केलेला आहे.) दारू म्हणजे स्फोटकं आणि प्रणोदकं, गोळीला नळीतून ढकलणारा माल. बाबा तिथेच होते. खिशात काडेपेटी ठेवून आत जायचं नाही हा नियम आमच्या घरात इतका मुरलेला, की आमच्याकडे उदबत्तीसुद्धा जरा अंतर राखूनच लावली जायची. या मालाशी मस्करी चालत नाही हे कळायला आकडे लागत नाहीत, पण आकडेही आहेत. २४ जानेवारी २०२५ला फॅक्टरीत स्फोट झाला, त्यात आठ कामगार गेले. त्या दिवशी ऑफिसमध्ये मी दिवसभर फक्त फोन करत होतो.

असो. आज लिहायचंय ते त्या मालाच्या एका जुन्या गिऱ्हाईकाबद्दल. दुनळी बंदूक. दोन नळ्या शेजारी-शेजारी, दोन चाप, लाकडी दस्ता, मधोमध मोडून काडतुसं भरायची. जुन्या हिंदी सिनेमात ठाकूरच्या हातात असते ती. आमच्या आईच्या मामांकडे अशी एक आहे. सगळं घर त्यांना आबाजी म्हणतं, म्हणून मीही म्हणतो. वय ऐंशीच्या पुढे. गाव लाखनीच्या पुढे, घरामागे तलाव, तलावामागे धानाची बांधी. बंदुकीबद्दल घरात एक कथा आहे. १९११ साली, म्हणजे दिल्ली दरबारच्या वर्षी, जिल्ह्याच्या गोऱ्या साहेबाने आबाजींच्या आजोबांना ती बक्षीस दिली. का? तर साहेबावर चालून आलेल्या जखमी वाघासमोर आजोबा उभे राहिले म्हणून. या कथेच्या दोन आवृत्त्या आहेत. दुसरीत वाघाऐवजी अस्वल आहे. आमच्याकडे लग्नात हळद लागली की कुणीतरी ही कथा सांगतोच.

मागच्या दिवाळीत मला ती बंदूक पहिल्यांदा उघडून, शांतपणे बघायला मिळाली. मी इंजिनिअर माणूस, त्यात जुनी यंत्रं बघितली की सुटी पडली तरी चालेल पण आत काय आहे ते कळलंच पाहिजे अशी खोड. पण त्याआधी थोडा इतिहास, नाहीतर पुढची गंमत कळणार नाही.

आधी नावापासून. हिला "बारा बोअर" म्हणतात. मला लहानपणी वाटायचं नळीची रुंदी बारा मिलिमीटर असणार. साफ चूक. एक पौंड शिसं घ्या, त्याच्या सारख्या बारा गोळ्या करा. त्यातली एक गोळी ज्या नळीत बरोबर बसेल ती बारा बोअर. गणित करून बघा, मजा येते. पौंड म्हणजे ४५३.६ ग्रॅम, भागिले बारा, ३७.८ ग्रॅम. शिशाची घनता ११.३४. म्हणजे गोळीचं आकारमान ३.३३ घन सेंटीमीटर आणि व्यास आला साधारण १८.५ मिलिमीटर. हाच आकडा आजही मानक आहे. म्हणूनच सोळा बोअरची नळी बारा बोअरपेक्षा बारीक असते. आकडा वाढला की नळी लहान. तोफखान्यातला हा जुना हिशेब अजून चालू आहे, आपल्याकडच्या लेगसी कोडसारखा. कुणी हात लावायला धजत नाही :)

आता नळ्या दोन का? कारण आधीच्या बंदुकीत एक बार काढला की खेळ संपायचा. आमच्या भागात ठासणीच्या बंदुकीला भरमार म्हणतात. तोंडातून दारू ओतायची, बोळा कोंबायचा, छर्रे टाकायचे, परत बोळा, गजाने ठासायचं, मागे टोपी बसवायची. तोवर रानडुक्कर पुढच्या तालुक्यात. दुसरी नळी म्हणजे दुसरी संधी, इतका साधा हिशेब होता. खरी क्रांती झाली ती मोडून भरायच्या बंदुकीने. लफोशो नावाच्या फ्रेंच कारागिराने १८३०च्या दशकात तशी बंदूक केली, १८५१च्या लंडनच्या प्रदर्शनात इंग्रजांनी ती पाहिली, आणि पुढची पन्नास वर्षं लंडन आणि बर्मिंगहॅमच्या कारागिरांनी तिच्यावर जे काम केलं त्याला तोड नाही. १८७५ साली वेस्टली रिचर्ड्स कंपनीच्या अॅन्सन आणि डीली या दोघांनी एक पेटंट घेतलं. बंदूक मोडली की नळ्यांच्याच वजनाच्या तरफेने आतले घोडे आपोआप चढतात. बाहेर घोडे दिसतच नाहीत. पेटीसारखी एक पोलादी चौकट, आत मोजके भाग. हे डिझाईन इतकं नेटकं की दीडशे वर्षांनीही साध्या दुनळ्यांत तेच वापरतात. आमच्या धंद्यात पाच वर्षं टिकलेल्या डिझाईनला आपण म्हातारं म्हणतो.

हिंदुस्थानशी या बंदुकांचं नातं नुसतं गिऱ्हाईकाचं नाही. जॉर्ज फॉस्बेरी नावाचा बंगालच्या फौजेतला अधिकारी होता. १८६३च्या सरहद्दीवरच्या लढाईत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेला. त्याने १८८५ साली एक शक्कल काढली. नळी आतून गुळगुळीत, फक्त शेवटच्या दोनेक इंचांत रायफलीसारखे आटे. म्हणजे त्याच बंदुकीतून सकाळी तलावावर बदकांसाठी छर्रे उडवा आणि दुपारी अचानक वाघ समोर आला तर जड गोळी नेमकी मारा. हॉलंड अँड हॉलंडने ती "पॅरॅडॉक्स" नावाने विकली. ही गरज कुठल्या रानातून निघाली असेल हे आमच्याकडच्या माणसाला सांगायला नको. एका मैलाच्या आत तलाव, धान, बांबू आणि वाघ.

त्या रानाबद्दल गोऱ्या साहेबांनी भरपूर लिहून ठेवलंय. फोरसिथचं मध्य भारताच्या डोंगराळ मुलखावरचं पुस्तक १८७१चं, स्टर्नडेलचं शिवनीवरचं १८७७चं, डनबर ब्रँडर या मध्य प्रांतातल्या वनाधिकाऱ्याचं १९२३चं. ब्रँडर यात मला सगळ्यात आवडतो, कारण त्याला प्राणी मारण्यापेक्षा बघण्यात जास्त रस आहे, हे पानापानांत जाणवतं. पण या सगळ्या पुस्तकांत हाका घालणारी माणसं बिननावाची. कुळं, गोंड, "गावचा पाटील". आमच्या पणजोबांसारखी माणसं तिथे एखाद्या वाक्यात येतात, झाडाआड उभी राहतात आणि जातात.

त्यांच्या हातात बंदूक असणं सोपं नव्हतं. १८५७नंतर सरकारने धडा घेतला होता, आणि १८७८ साली लिटन साहेबाने शस्त्र कायदा आणला. परवान्याशिवाय शस्त्र बाळगणं गुन्हा. गोऱ्यांना मात्र त्यातून सूट. काँग्रेसच्या अगदी सुरुवातीच्या अधिवेशनांपासून या कायद्याविरुद्ध ठराव होत होते, आणि १९१८ साली खेड्यात सैन्यभरतीची पत्रकं काढताना खुद्द गांधीजींनी या कायद्याची गणना इंग्रजांच्या सर्वात काळ्या कृत्यांत केली. अहिंसेचा पुजारी हत्यारबंदीवर चिडतो, हे वाचून मी दोनदा पान मागे उलटलं होतं. कलकत्त्यात तर २६ ऑगस्ट १९१४ला क्रांतिकारकांनी रॉडा कंपनीची, म्हणजे तिथल्या बड्या बंदूक-विक्रेत्यांची, पन्नास माउझर पिस्तुलं आणि ४६,००० गोळ्या बैलगाडीतून पळवल्या. परवाना देत नाही ना, मग घ्या!

आमच्या मध्य प्रांतात परवाना मिळण्याचा राजमार्ग म्हणजे मालगुजारी. मालगुजार म्हणजे सारा गोळा करून सरकारात भरणारा गावचा मालक. त्याची मालकी आण्यांत मोजायचे. कुणी सोळा आणे मालगुजार, कुणी चार आण्यांचा हिस्सेदार. आमचे आबाजींचे वडील पाच आण्यांचे. म्हणजे वाडा होता पण अर्धा पडका, मान होता पण उधारीवर. त्या काळी गावात तीन गोष्टींवरून माणसाची पत ठरायची. तलाव, घोडी आणि दुनळी. भंडाऱ्याचे तलाव आजही "मामा तलाव" म्हणून ओळखले जातात. पाहुण्यांना वाटतं कुणा मामाने बांधले. मामा म्हणजे "माजी मालगुजारी". ३१ मार्च १९५१ला मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, घोडी मेली. दुनळी राहिली.

आता दिवाळीतल्या त्या दुपारी परत येऊ.

आबाजींनी बंदूक कापडातून काढली, मोडून दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याचं आधी स्वतः पाहिलं, मग मला दाखवलं, मगच हातात दिली. नळ्या सुट्या केल्या. एका दोरीने टांगून बोटाने टिचकी मारली. घंटेसारखा लांब नाद आला. "आयक," म्हणाले, "बोदा आवाज आला तं समजायचं का जोड सुटला." दोन नळ्या एका पट्टीने झाळून जोडलेल्या असतात, झाळ उकलली की नाद मरतो. ऐंशी पार केलेला माणूस, कान जवळजवळ गेलेले, पण हा नाद त्यांना बोटातून कळतो.

वरच्या पट्टीवर दुकानदाराचं नाव होतं, हात फिरून फिरून पुसट झालेलं. शेवटचा शब्द तेवढा वाचता येतो, "कलकत्ता". यात नवल नाही. कलकत्त्याची मोठी दुकानं बर्मिंगहॅमहून बंदुका बनवून आणायची आणि स्वतःचं नाव कोरून विकायची. १९००पासून कलकत्ता-नागपूर थेट रेल्वे होती आणि ती आमच्या भंडारा रोडवरूनच जाते. म्हणजे बंदूक आली असेल ती बहुतेक बंगाल-नागपूर रेल्वेच्या पार्सलने.

खरी गोष्ट नळ्यांच्या बुडाशी, जिथे लाकूड झाकतं, तिथे होती. इंग्लंडमध्ये कुठलीही बंदूक विकण्याआधी तिची परीक्षा घ्यावी लागते. नेहमीपेक्षा बराच जास्त दाब देणारा बार भरून ती उडवतात. फुटली तर फुटली, टिकली तर नळीवर ठसे मारतात. बर्मिंगहॅमचं परीक्षागृह १८१३पासून हे काम करतंय. आणि हे ठसे नियमांनुसार बदलत गेलेत, म्हणून ज्याला ते वाचता येतात त्याच्यासाठी बंदूक म्हणजे जन्मदाखल्यासकट जन्मलेलं मूल. मी मोबाईलचा टॉर्च लावला, भिंगाने बघितलं. मुकुटाखाली बीपी, मुकुटाखाली बीव्ही, मुकुटाखाली एनपी. हे १९०४च्या नियमांचे बर्मिंगहॅमचे ठसे. एनपी म्हणजे नायट्रो, बिनधुराच्या दारूसाठी तपासलेली. इथपर्यंत १९११ची कथा शाबूत होती.

मग शेजारी दिसलं २½ इंच. काडतूस बसतं त्या खोलीची लांबी.

ही लांबी ठशात लिहायची पद्धत १९२५च्या नियमांनी आली. आणि १९५४नंतरच्या ठशात दाब टनांत लिहितात, तो इथे नव्हता. म्हणजे बंदूक १९२५ ते १९५४च्या मधली. दिल्ली दरबार होऊन निदान चौदा वर्षं उलटल्यावर जन्मलेली. साहेब, वाघ, अस्वल, सगळं एका अपूर्णांकाने उडालं.

सांगावं की नाही, या विचारात मी बराच वेळ नळी पुसत बसलो. कथा सत्तर-ऐंशी वर्षं घरात नांदलेली. माझं काय जातं गप्प बसायला? पण आबाजींनी विचारलं, "का लिवलं हाय तिथं?" आणि त्या माणसाशी खोटं बोलणं मला जमत नाही. सांगितलं.

ते थोडा वेळ तलावाकडे बघत बसले. मग म्हणाले, "म्हंजे साहेबानं नाई देल्ली."

"नाही बहुतेक."

"आमच्या बापानं पैसे मोजून घेतली."

"तसंच दिसतंय."

"मंग तं हे अजून बेस झालं न गा!" आणि मांडीवर थाप मारून हसले. मग त्यांना त्यांच्या आईचं एक गाऱ्हाणं आठवलं. ती आयुष्यभर नवऱ्याला एकच टोमणा मारायची, की चांगली बैलजोडी इकून यानं घरात लोखंड आणलं. घरात सगळ्यांची समजूत अशी की लोखंड म्हणजे ऑईल इंजिन, जे कधी चाललंच नाही. पण इंजिन कुणीच पाहिलेलं नव्हतं.

साहेबाची मेहेरबानी ही कथा कुणी आणि का रचली असेल, यावर मी नंतर खूप विचार केला. माझा अंदाज असा, की पाच आण्यांच्या मालगुजाराने बैल विकून बंदूक घेतली हे गावात सांगण्यासारखं नव्हतं. साहेबाने दिली, हे होतं. आता काळ उलटा आहे. आज साहेबाने दिली यात मान नाही, बापाने घेतली यात आहे. म्हणून आबाजी हसले.

बरं, ही बंदूक आज उडवता येईल का? इथे माझ्या जवाहरनगरचा संबंध येतो. जुन्या काळी दारू म्हणजे काळी दारू, सोरा-गंधक-कोळसा. ती जळली की निम्म्याहून जास्त वजन घन राखेच्या रूपात मागे राहतं, म्हणून इतका धूर आणि इतकी घाण. १८४६ साली शोनबाइनने कापूस नायट्रिक आम्लात भिजवून नायट्रोसेल्युलोज केलं, पुढच्याच वर्षी सोब्रेरोने नायट्रोग्लिसरीन केलं, १८८४ साली फ्रान्समध्ये विएलने त्यातून वापरण्याजोगी बिनधुराची दारू केली, मग नोबेल, मग इंग्रजांचं कॉर्डाइट. आमच्या फॅक्टरीत बनणारी प्रणोदकं याच घराण्यातली. फरक काय? काळी दारू दाब वाढला तरी साधारण आपल्याच चालीने जळते. नायट्रोचं तसं नाही. दाब वाढला की ती जास्त वेगाने जळते, त्याने दाब आणखी वाढतो. आपण ज्याला पॉझिटिव्ह फीडबॅक म्हणतो ना, तो. हे चक्र आवाक्यात ठेवणं, दाण्याचा आकार आणि लेप ठरवून, हेच बाबांच्या आयुष्याचं काम होतं.

म्हणून जुन्या बंदुकीत नवं काडतूस भरताना दोन गोष्टी बघाव्या लागतात. एक, नळी कसली. १९०० च्या आधीच्या पुष्कळ नळ्या लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून, सळईभोवती गुंडाळून, ठोकून केलेल्या असतात. त्यांना दमास्कस म्हणतात. वरून नागमोडी नक्षी दिसते, देखणी असते. पण आत शेकडो सांधे, त्यात कुठे गंज शिरलाय ते वरून दिसत नाही. नायट्रोचा ठसा नसेल तर अशी बंदूक भिंतीवरच शोभते. दुसरी गोष्ट काडतुसाची लांबी. २½ इंच म्हणजे ६५ मिलिमीटर. आजची काडतुसं सर्रास ७० मिलिमीटरची. गंमत म्हणजे ७०चं काडतूस ६५च्या खोलीत आरामात बसतं, कारण तोंड दुमडलेलं असतं. ही लांबी उडाल्यानंतरची, दुमड उलगडल्यावरची. उलगडायला जागा नाही, की तोंड चोंदतं आणि दाब चढतो. "बसलं म्हणजे चालतं" हा युक्तिवाद इथे बोटं घेऊन जातो.

आबाजींना यातलं रसायन माहीत नाही, पण त्यांच्या पेटीत काडतुसं सगळी ६५ची. खडकीच्या दारूगोळा कारखान्यातली "शक्तिमान". हा कारखाना १८६९चा. लहानपणी आम्हाला वाटायचं काडतुसाचं नाव टीव्हीवरच्या शक्तिमानवरून ठेवलंय. तो १९९७ला आला. काडतूस त्याच्या खूप आधीपासून.

चालवायची रीत त्यांनी रिकाम्या बंदुकीवर दाखवली. पुढचा चाप उजव्या नळीचा, मागचा डाव्या. उजवी नळी तोंडाशी जवळजवळ मोकळी, डावी किंचित आवळलेली. उडता लावा आपल्यापासून दूर जात असतो, म्हणून पहिला बार जवळचा, पसरणारा, दुसरा लांबचा, एकवटलेला. चाळीस यार्डांवर तीस इंची वर्तुळात पूर्ण आवळलेल्या नळीचे साधारण ७० टक्के छर्रे पडतात, मोकळ्या नळीचे चाळीसच्या आसपास. कुठली नळी वापरायची हे बोटाने ठरवायचं, डोळ्याने नाही. आज ऑलिंपिकमध्ये तबकडी फोडणारे नेमबाज बहुतेक वर-खाली नळ्यांची बंदूक वापरतात, एक चाप. २००४ला अथेन्समध्ये राज्यवर्धन राठोडने रौप्य मिळवलं ते डबल ट्रॅपमध्ये. दोन तबकड्या एकदम सुटतात, दोन नळ्या, दोन बार. खेळातून तो प्रकार नंतर काढून टाकला, पण कल्पना तीच, बैलजोडीवाल्या पणजोबांची.

आबाजींनी शिकार केली आहे आणि ते लपवत नाहीत. तलावावरची बदकं, लावे, तित्तर, डुक्कर. नागझिरा अभयारण्य झालं १९७०ला, वन्यजीव कायदा आला १९७२ला, आणि आपल्याकडचा हा खेळ कायद्याने संपला. चांगलंच झालं. माझं यावर दुमत नाही. पण एक गोष्ट टोचते. ज्यांनी आपल्याला रान बघायला शिकवलं त्यातल्या कितीतरी जणांचा रस्ता बंदुकीवरूनच आला. सालिम अलींची सुरुवात छर्र्याच्या बंदुकीने पाडलेल्या एका चिमणीपासून, आणि पुढे पक्ष्यांचे नमुनेही त्यांनी बंदुकीनेच गोळा केले. व्यंकटेश माडगूळकर शिकारी होते, आणि त्यांनीच "नागझिरा" लिहिलं. आबाजींना पाण्यावरच्या बदकाची जात अंधारात, पंखांच्या आवाजावरून सांगता येते. मला दुर्बीण घेऊनही येत नाही.

आता संग्रहाचं म्हणाल तर इंग्लंडमध्ये जुन्या दुनळ्या जमवणं हा रीतसर छंद आहे. सुरक्षित कपाट असेल तर किती ठेवाव्यात याला मर्यादा नाही. आपल्याकडे १९५९च्या कायद्यात १९८३च्या दुरुस्तीने तीनची मर्यादा होती, २०१९च्या दुरुस्तीने ती दोनवर आली. वारशाच्या बंदुकांनाही तीच. जास्तीची जमा करा. वर १९८०च्या दशकापासून व्यापारी आयात बंद. परिणाम असा की जुन्या विलायती बंदुका देशात जितक्या आहेत तितक्याच, आणि दरवर्षी त्यातल्या काही पोलीस ठाण्याच्या मालखान्यात जाऊन गंजतात. गोळी उडूच शकत नाही अशा पुराण्या बंदुकीला कलम ४५मध्ये सूट आहे, पण त्यासाठी आधी ती कायमची निकामी असावी लागते. चालू घड्याळ ठेवायला परवाना, बंद पाडलं तर तसंच ठेवा. कायद्यामागचं कारण मला समजतं. बंदूक हे घड्याळ नाही. तरीही आबाजींची दुनळी निवडणुकीच्या वेळी जमा केली आणि परत आली तेव्हा डाव्या नळीवर तांबेऱ्याचा एक डाग होता. ते तेल लावून आठवडाभर घासत होते.

तर प्रश्न होता पुढे काय. २०१६च्या शस्त्र नियमांत सोय आहे की परवानाधारक सत्तरीचा झाला किंवा त्याने पंचवीस वर्षं शस्त्र बाळगलं, की हयातीतच कायदेशीर वारसाच्या नावे परवाना होऊ शकतो. आबाजी दोन्ही अटींत कधीच बसलेत. दोन मुलगे आहेत, एक नागपुरात, एक बंगळुरात. दोघांनीही हात वर केले. फ्लॅटमध्ये बंदूक कुठे ठेवणार, लहान पोरं आहेत, वर दर पाच वर्षांनी नूतनीकरणाच्या चकरा. त्यांचं म्हणणं चूक नाही. सरकारजमा करून टाका, एवढाच त्यांचा आग्रह. आबाजी काही बोलत नव्हते, म्हणजे त्यांना ते पटत नव्हतं.

अर्ज केला मावशीने. आबाजींची मधली मुलगी, वय पन्नास, भंडाऱ्याला शिक्षिका, आणि शेत प्रत्यक्षात बघते तीच. दरवर्षी डुकरं धानाची नासाडी करतात. मारायचं तर वनखात्याची परवानगी लागते हे तिला माहीत आहे, आणि तिला मारायचंही नाही. "आवाज केला तरी पळतेत," म्हणाली. मुलगे म्हणाले बाईमाणसाला कशाला बंदूक. तिने उत्तर दिलं नाही, फॉर्म भरला. शस्त्रसुरक्षेचं प्रशिक्षण घ्यावं लागतं ते घेतलं. त्यात तिच्याशिवाय बाकी सगळे सिक्युरिटी गार्ड होते.

पोलीस पडताळणी अजून व्हायची आहे. गेल्या रविवारी तिचा फोन आला. दुकानात ६५ची काडतुसं संपलीत, दुकानदार म्हणतो ७०ची घ्या, सगळे तीच वापरतात, बसतात. मी म्हटलं बसतात गं, पण घेऊ नकोस. मागून आबाजींचा आवाज आला, फोन स्पीकरवर होता. "तुले सांगतलं होतं न मी. थांब म्हनाव, खडकीचा माल येते दिवाळीपावेतो."